वकील नंतर, आधी कागद वाचा

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण मंडळाच्या सेक्रेटरीने विचारलंय: "आमच्या गावात कोर्टाचं नाहीतर तहसीलदार ऑफिसचं काम निघालं की माणूस आधी एजंटाकडे जातो, मग वकिलाकडे. दहा-वीस हजार कधी गेले कळत नाही. कागद सगळे कन्नडात, वडीलधाऱ्यांना वाचता येत नाहीत. सरकार फुकट वकील देतं असं ऐकलंय, पण मिळालेला माणूस गावात कुणी बघितला नाही. गरिबाला परवडेल अशी मदत खरंच मिळते का? आणि मंडळाने यात काय करावं?"

मदत मिळते. आणि ती मिळालेला माणूस तुमच्या गावात कुणी बघितला नाही, हेही खरंच असणार.

मी बेळगावच्या कोर्टात चोवीस वर्षं वकिली करते. त्यातली अकरा वर्षं कानून सेवा प्राधिकाराच्या पॅनेलवर होते, म्हणजे लोक ज्याला 'फुकटचा वकील' म्हणतात, ती मीच. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. आपल्या मराठी माणसाचा पैसा वकिलाच्या फीत जातो, त्याहून जास्त वेळेवर न वाचलेल्या कागदात जातो.

चार वर्षांमागे जांबोटीच्या वरच्या अंगाचे एक आजोबा माझ्या टेबलाशी आले. हातात कापडदुकानाची पिशवी, तिच्यात आणखी एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात घड्या घालून घालून चिरलेला एक कागद. "बाई, हे पेन्शनीचं हाय का बगा." पेन्शनचं नव्हतं. तहसीलदारांची नोटीस होती. वडिलार्जित सात एकर जमीन आपल्या बापाची एकट्याची म्हणून पुतण्यांनी वारसा लावायला अर्ज दिला होता. कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवा, नाहीतर नोंद घातली जाईल, असा मजकूर. मुदत उलटून एकोणीस दिवस झाले होते. कागद तोवर देव्हाऱ्याच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवलेला.

"घरात कन्नड वाचणारं कुणी नाही का?"

"नात हाय की, नववीला. पण तिला कोर्टातलं काय कळतंय?"

पुढच्या खेपेला नातीला घेऊन या म्हटलं. ती आली आणि माझ्यासमोर उभं राहून, शाळेत वाचतात तशी बोट ठेवून वाचू लागली. जमीनु. वारसुदाररु. खाते बदलावणे. तकरारु. एवढ्यावर आजोबांनीच तिला थांबवलं. "म्हंजे माझ्या जमिनीवर ते आपली नावं लावूलेत, आणि माझी तक्रार हाय का म्हणून इचारूलेत!" अगदी बरोबर. मी वेगळं काही सांगायची गरजच राहिली नाही. हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. इथल्या महसुली कन्नडातले कितीतरी शब्द फारसी-अरबीतून आलेले, मराठीतही तेच. अडवतं ते अक्षर. कुणी मोठ्याने वाचून दाखवलं की आपल्या म्हाताऱ्यांना निम्मं तरी कळतंच.

तक्रार तेव्हा साध्या कागदावर देता आली असती, एक रुपया न घालता. ती राहिली म्हणून नोंद पडली, मग प्रांतांकडे अपील, बेळगावच्या खेपा, पावणेदोन वर्षं. निकाल आजोबांच्या बाजूने लागला. पण एका म्हशीचे पैसे एसटीत आणि चहात गेले, हा त्यांचाच हिशेब.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर वकिलापासून सुरू होत नाही. तरी वकिलाचं विचारलंय, तर ते आधी सांगते.

फुकट वकील ही कुणाची मेहेरबानी नाही. घटनेत ३९-अ हे कलम आहे, १९७६ च्या दुरुस्तीने आलेलं. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकार कायदा झाला (आपल्याकडे कन्नडात त्यालाच 'कानून सेवा' म्हणतात) आणि तो १९९५ च्या ९ नोव्हेंबरपासून लागू आहे. त्याचं कलम १२ सांगतं की कुणाला मदत मिळेल: अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, बाई, लहान मूल, अपंग, कारखान्यातला कामगार, अटकेत किंवा तुरुंगात असलेला, पूर-दुष्काळ-भूकंप अशा आपत्तीत सापडलेला. यातल्या कुणालाही उत्पन्नाची अट नाही. घरात दोन ट्रॅक्टर असले तरी त्या घरच्या बाईला स्वतःच्या खटल्यासाठी फुकट वकील मागता येतो, हे मी सांगते तेव्हा बायकाच माझ्याकडे संशयाने बघतात. यात न बसणाऱ्या पुरुषाला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, कर्नाटकात ती तीन लाख. तुमच्या गावातली किती घरं यात बसतील ते तुम्हीच मोजा.

उत्पन्नाचा दाखला काढायला नाडकचेरीत, म्हणजे तहसीलदारांच्या हाताखालच्या ऑफिसात, रांग लावा, तिथे परत एजंट, असं होऊ नये म्हणून एक सांगते. कायद्यानेच म्हटलंय की अर्जदाराचं उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. दाखला असला तर उत्तम, नसला म्हणून अर्ज अडत नाही.

अर्ज कुठे द्यायचा? खानापूरच्या कोर्टात तालुका कानून सेवा समिती आहे, तिथले सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. बेळगावला जिल्हा प्राधिकार आहे. हायकोर्टाचं काम असेल तर धारवाडला. अर्जाला फी नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथल्या माणसाने उतरवून घ्यायचं असतं. निर्णय सात दिवसांत व्हायला हवा असा नियम आहे. पण अर्ज दिला म्हणून अपिलाची किंवा हरकतीची मुदत थांबत नाही. अर्ज देतानाच वरती लाल शाईने मुदतीची तारीख लिहा, आणि तोंडानेही सांगा.

आता यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. लोकांना वाटतं फुकट मदत म्हणजे फुकट वकील, संपलं. तसं नाही. कोर्ट फी, समन्स-नोटिशीचा खर्च, नकलांचा खर्च, आणि *कागदपत्रांचं भाषांतर*, हे सगळं त्या मदतीतच येतं. आपल्यासाठी हे शेवटचं सोन्यासारखं आहे, आणि अकरा वर्षांत माझ्याकडे आलेल्या पक्षकारांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनीच ते मागितलं. दुसऱ्या बाजूचा दावा कन्नडात आलाय, मला तो मराठीत समजून घ्यायचाय, असा एक वेगळा अर्ज द्या. भाषांतर करणारा माणूस लगेच मिळेल असं मी म्हणणार नाही. पण अर्जच आले नाहीत तर माणूस नेमायची गरज कुणाला वाटणार?

उलट दिशेचं भाषांतरही लागतं, आणि ते महाग पडतं. आपल्या घरांतली जुनी वाटणीपत्रं, खरेदीखतं, फेरफार मराठीत आहेत, त्याच्या मागचे कागद मोडीत. कोर्टात मराठी कागद दाखल करायचा तर सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. मोडीचं असेल तर आधी मोडी वाचणारा शोधा, त्याने देवनागरीत उतरवायचं, मग त्याचं कन्नड. दोनदा पैसे. एका वाटणीच्या दाव्यात १९३८ च्या एका पानासाठी पक्षकाराने माझ्या फीच्या निम्मे पैसे मोजले होते. मदतीला पात्र असूनही. मलाही तेव्हा सुचलं नाही, हे कबूल करते.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट: या कायद्यात 'कोर्ट' म्हणजे काळा कोट घातलेले न्यायाधीश बसतात तेवढंच नव्हे. महसुली कोर्टही त्यात येतं. तहसीलदारांपुढे हरकतीची सुनावणी, प्रांतांपुढे अपील, जिल्हाधिकाऱ्यांपुढे फेरतपासणी, या सगळ्यांना वकील मागता येतो. आपल्याकडचे निम्म्याहून जास्त तंटे आरटीसी उताऱ्यावरून (महाराष्ट्रातला सातबारा, तसा हा) निघतात आणि तिथेच एजंट चरतात.

आता फुकट वकिलाच्या दर्जाबद्दल. तो चांगला असतो का? काही असतात. पॅनेलचं मानधन इतकं बेताचं की पोट भरायला ती फी पुरत नाही, मग पैसे देणाऱ्या पक्षकाराची तारीख आणि तुमची तारीख एका दिवशी आली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. पण तुमच्या हातातही काही आहे. नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही, झेरॉक्सचे म्हणूनसुद्धा नाही. घेतला, किंवा तारखेला उभाच राहत नाही, फोन उचलत नाही, तर प्राधिकाराच्या सचिवांकडे लेखी द्या आणि वकील बदलून मागा. मिळतो. फौजदारीत २०२२ पासून वेगळी सोय सुरू झाली: पूर्णवेळ पगारी बचाव वकील, जे दुसरी खासगी कामं घेत नाहीत. हिंडलग्याच्या तुरुंगात असलेल्या पोरासाठी आई दागिने गहाण टाकायला निघते, तेव्हा मी तिला आधी त्यांच्याकडे पाठवते. जामिनाच्या साध्या कामाला ते पुरेसे आहेत.

भाषेचं म्हणाल तर खालच्या कोर्टाचं काम कन्नडात चालतं, ते चालणारच. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तुमची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. पण कन्नडात चालतं म्हणजे मराठी माणसाने मुकं बसायचं असा कुठलाही कायदा नाही. साक्षीदार मराठीत साक्ष देऊ शकतो, ती लिहून घेणं किंवा तिचं बरोबर भाषांतर करवणं कोर्टाचं काम. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर कोर्टात सांगितली पाहिजे, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१४ सांगतं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २७९ होतं). अटकेची कारणंही आरोपीला कळतील अशा भाषेत सांगायला हवीत, हे सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये पुन्हा बजावलंय. आमच्या कोर्टातल्या बऱ्याच न्यायाधीशांना मराठी थोडंफार कळतं, कर्मचाऱ्यांना तर छानच येतं. "साहेब, मला मराठीत सांगू द्या," असं नम्रपणे म्हटलं तर नाही म्हणालेलं मी फारसं पाहिलं नाही. साक्षीदार गप्प राहतो, मान डोलावतो, आणि 'होय' लिहिलं जातं. घोटाळा तिथे होतो.

सरकारी ऑफिसात अर्ज मराठीत द्यायचा असेल तर घटनेचं कलम ३५० तुमच्या बाजूला आहे. गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्याकडे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. काउंटरवर घेत नाहीत म्हणाले तर हुज्जत घालू नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. माझी पद्धत वेगळी आहे: एकाच पानावर वर कन्नड, खाली मराठी. काम लवकर होतं आणि अर्जदाराला आपण काय लिहिलंय ते कळतं. माहिती अधिकाराचं मात्र सांभाळा, तो कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच म्हणतो, मराठी त्यात बसत नाही. पण हिंदी बसते, आणि ती देवनागरीत लिहितात. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा, फी दहा रुपये.

सीमेवर राहण्याचे काही गुंते आहेत, तसे काही फायदेही. आपल्या मुली चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला दिलेल्या असतात. भांडण होऊन माहेरी आलेल्या मुलीला वाटतं, आता पोटगीसाठी तिकडे महाराष्ट्रात खेपा. गरज नाही. पोटगीचा अर्ज (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, जुनं १२५) ती राहते तिथल्या कोर्टात करता येतो. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्जही तसाच. खानापुरात राहते तर खानापुरात, आणि बाई म्हणून वकील फुकट. नवऱ्याने तारखेला इकडे यायचं. एका कुटुंबाची जमीन काही चंदगडला, काही इकडे असेल तर वाटणीचे दोन दावे लावायला सांगणाऱ्या वकिलाला दिवाणी संहितेचं कलम १७ दाखवा, जमिनीचा कुठलाही तुकडा ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथे सगळ्याचा मिळून एक दावा लावता येतो. कोल्हापुरातल्या दुकानातून घेतलेलं मशीन बिघडलं तर ग्राहक आयोगात तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावात, करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फीही नाही आणि वकीलही लागत नाही. २०२५ च्या ऑगस्टपासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतंय, तेव्हापासून "आमचं अपील तिकडे नेता येईल का" असं लोक विचारू लागलेत. नाही. बेळगावच्या कोर्टाचं अपील धारवाडलाच जाणार.

लोक अदालतीबद्दल लोक खूप चांगलं बोलतात, मीही बोलते. वर्षातून चार वेळा राष्ट्रीय लोक अदालत भरते, भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि दावा लावायच्या आधीसुद्धा साध्या अर्जावर प्राधिकार दुसऱ्या बाजूला बोलावून तडजोडीला बसवतं. थकलेली मजुरी, बँकेचं कर्ज, शेजाऱ्याची बांधावरची भिंत, अशा भांडणांना यापेक्षा स्वस्त औषध नाही. वीज, पाणी, विमा, दवाखाना असल्या सेवांच्या तक्रारींसाठी बेळगावात कायम लोक अदालतही आहे, ती तर तडजोड झाली नाही तरी निकाल देऊ शकते. पण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. सही केली की संपलं. आणि इथे माझीच एक गोष्ट सांगायला हवी.

पॅनेलवर असताना एका विधवा बाईंचा वाटणीचा दावा माझ्याकडे होता. तीन दीर, चार एकर, एक विहीर. लोक अदालतीच्या दिवशी प्रचंड गर्दी, एकेका टेबलाला चाळीस-चाळीस फायली. दीर एक एकर द्यायला तयार झाले, मी खूश, कारण एक एकर म्हणजे त्यांचा वाटा पुरा होत होता. तडजोडीचा मसुदा कन्नडात टाईप होऊन आला. मी तो वाचला, मला बरोबर वाटला, आणि बाईंना म्हटलं, "मावशी, एक एकर तुमच्या नावावर होतंय, इथं सही करा." त्यांनी केली. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर त्यांनी विचारलं, "बाई, हिरीचं पाणी कुणाला किती?" मसुद्यात विहिरीचं नावच नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं की ती आहे, सगळ्यांचं पीक तिच्यावर होतं, आणि कागदावर कुणी ती लिहिली नव्हती. मीही नाही. पुढे दीरांनी पाणी दिलं, पण त्यांच्या मर्जीने, आणि मर्जी फिरल्यावर काय होईल याची धास्ती त्या बाईंना कायमची. त्या दिवशी कागद मोठ्याने मराठीत वाचून दाखवायला सात-आठ मिनिटं लागली असती. तेव्हापासून मी एकही तडजोड वाचून दाखवल्याशिवाय सहीला ठेवत नाही, मागे कितीही फायली असोत. तुमच्या गावातलं कुणी लोक अदालतीला निघालं तर एवढं सांगून पाठवा: "मराठीत वाचून दाखवा, मग सही करतो." पाणी, वाट, झाडं, गोठा, ही चार नावं कागदात आहेत का, तेही बघा.

बहिणींच्या हक्कसोडीलाही हेच. लग्नाच्या गडबडीत नाहीतर वडिलांच्या बाराव्याला 'बँकेचा कागद आहे' म्हणून सही घेतलेल्या किती बायका मी बघितल्या! कर्नाटकाने मुलींना वडिलार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती १९९४ लाच लागू केली, देशभर तो २००५ मध्ये आला. वीस-तीस वर्षं झाली तरी गावात अजून 'बहिणीने मागितलं' असंच म्हणतात.

मदतीच्या अटीत बसत नसाल आणि खासगी वकील करायचा असेल, तर फी आधी ठरवा आणि टप्प्याने ठरवा: दावा दाखल करायला इतके, पुराव्याला इतके, युक्तिवादाला इतके. कोर्ट फी आणि नोटिशीचा खर्च वेगळा लिहून घ्या, कारण 'कोर्टात भरायचे' या नावाखाली काय काय भरलं जातं ते भरणाराच जाणे. एकत्र ताब्यातल्या मिळकतीच्या वाटणीच्या दाव्याला आपल्याकडे कोर्ट फी अगदी नाममात्र आहे, जमिनीच्या बाजारभावावर नाही. हे माहीत नसलेल्यांकडून हजारो घेतलेले मी ऐकलेत. आमच्याच व्यवसायातल्या काहींना हे वाचून राग येईल, येऊ दे. अपघाताच्या भरपाईत "मिळेल त्यातले वीस टक्के" असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांनी सरळ मना आहे. हायवेवर अपघात झाला की दवाखान्यातच कार्ड घेऊन येणारे असतात, त्यांचं हेच बोलणं असतं. दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा, आणि जखमी किंवा मयताचे वारस राहतात तिथे तो करता येतो, हे लक्षात असू द्या. वकिलाशी बिनसलं आणि तो फाईल अडवून बसला तर घाबरू नका, फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २००० सालीच ठरवलंय.

आता मंडळाचं. गणपतीच्या वर्गणीतून गरिबांना वकिलाची फी द्यावी का, असंही तुम्ही पुढे विचारलंय. देऊ नका. दोन खटल्यांत पैसे संपतील आणि तिसऱ्याशी भांडण होईल. त्यापेक्षा तुमच्या गावात कन्नड वाचता येणारी पोरं-पोरी आहेतच, मराठी शाळेतसुद्धा कन्नड विषय शिकलेली. त्यातल्या चार जणांना आठवड्यातून एक संध्याकाळ देवळाच्या कट्ट्यावर बसवा. काम एकच, लोकांनी आणलेला कागद मोठ्याने वाचायचा आणि एका वहीत तीन गोष्टी लिहायच्या: कुणाकडून आलाय, काय मागितलंय, कुठल्या तारखेपर्यंत. सल्ला द्यायचा नाही! हे मी मुद्दाम सांगते, कारण चार कागद वाचले की पोरांना वकील झाल्यासारखं वाटू लागतं आणि गावाला आणखी एक एजंट मिळतो. तारीख जवळ असेल तर माणसाला त्याच आठवड्यात खानापूरच्या समितीकडे न्यायचं. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन, तो फुकट आहे.

वाचणाऱ्यांत मुली जास्त ठेवा. बायका आपला कागद पोरांपुढे उघडत नाहीत, त्यात नवऱ्याचं नाव असतं. आणि जिल्हा प्राधिकार अधूनमधून विधी स्वयंसेवक नेमतं, पी.एल.व्ही. म्हणतात त्यांना. दहावी झालेली, दोन्ही भाषा येणारी मुलगी त्यासाठी अर्ज करू शकते, प्रशिक्षण देतात, कामाच्या दिवसाचं थोडं मानधनही मिळतं. सीमेच्या गावांतून मराठी-कन्नड दोन्ही चांगलं येणारे अर्जदार कमी येतात. बेळगावच्या लॉ कॉलेजांतल्या मुलांना शिबिरं घ्यावी लागतात, त्यांना पत्र लिहा. फक्त हार-तुरे आणि भाषणं नकोत, दोन तास कागद वाचायला बसायचं असेल तर या, असं पत्रातच लिहा.

आणि वही सुरू कराल तेव्हा पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगा की नोटीस आली की पाकीट फाडून फेकू नका. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो, त्यावर तारीख असते. नोटीस उशिरा मिळाली हे सिद्ध करायला कित्येकदा तेवढाच पुरावा असतो. पाकीट नोटिशीला टाचून ठेवा, टाचणी शिक्क्यावरून जाऊ देऊ नका.